विसरण्यावरची गोळी नेमके काय करते?

दर काही महिन्यांनी वर्तमानपत्रात एक बातमी येते की अल्झायमर्सवर नवे औषध सापडले. संध्याकाळपर्यंत ती नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर तीनदा फिरते आणि ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घरातला फोन वाजू लागतो. दादरला राहणाऱ्या आमच्या मावशीच्या घरी हे गेली पाच वर्षे चालू आहे. फोन करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण बातमीतले औषध वेगळे आणि मावशीच्या प्लॅस्टिकच्या डब्यातल्या सोमवार-मंगळवारच्या खणांत ठेवलेली गोळी वेगळी, हे प्रत्येकाला नव्याने सांगण्याचे काम काकांवर पडते. त्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची आज ठामपणे देता येण्यासारखी उत्तरे एका ठिकाणी असावीत, म्हणून हा लेख.

आधी आजाराचे नाव

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द इतके रुळलेले आहेत की विसरणे हे वयाबरोबर येणारच, असे धरून घरची माणसे दोन-तीन वर्षे सहज घालवतात. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो याचाच गोंधळ होणे वेगळे. स्मरण, भाषा, हिशेब आणि निर्णय या क्षमता रोजचे व्यवहार अडतील इतक्या ढासळल्या की त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश म्हणतात. ‘ताप’ हे जसे एका रोगाचे नाव नाही, तसेच याचेही आहे. ताप मलेरियाचा असू शकतो तसा डेंग्यूचाही असू शकतो. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर्स असले, तरी मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्यामुळे होणारा, लुई बॉडी नावाचा आणि मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणारा असे इतर प्रकार आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे.

प्रकार कळणे का महत्त्वाचे? कारण औषध त्यावर ठरते. लुई बॉडीच्या प्रकारात खाली सांगितलेल्या पहिल्या गोळीचा बऱ्याचदा चांगला उपयोग होतो. पुढच्या भागापासून सुरू होणाऱ्या प्रकारात ती जवळपास निरुपयोगी ठरते आणि कधी चिडचिड वाढवते. शिवाय काही वेळा हा आजार मुळात तो नसतोच. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत ती चांगलीच आढळते), थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, किंवा महिनाभरापूर्वी बाथरूममध्ये घसरून डोक्याला लागलेल्या माराने मेंदूभोवती साचलेले रक्त, यांमुळेही माणूस हुबेहूब तसाच वागू लागतो आणि यांतल्या प्रत्येकावर वेगळा उपाय आहे. म्हणूनच गोळी लिहून देण्याआधी डॉक्टर रक्ततपासणी आणि मेंदूचे स्कॅन सांगतात. तो खर्च वायफळ नसतो.

पहिली गोळी आणि गच्चीवरची टाकी

मुंबईतल्या इमारतींत महापालिकेचे पाणी ठरलेल्या वेळी येते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते आणि टाकी भरलेली असली की दिवसभर नळाला धार राहते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांच्या मार्फत निरोप देतात आणि लक्ष देणे, नवी गोष्ट मनात ठेवणे यांसाठी लागणाऱ्या रसायनाचे नाव ॲसिटिलकोलिन आहे. निरोप पोचला की मेंदूतले एक एन्झाइम ते रसायन लगेच तोडून टाकते. निरोगी मेंदूत हे योग्यच असते, कारण नवे रसायन सतत तयार होत असते. अल्झायमर्समध्ये ते तयार करणाऱ्या पेशीच मरत जातात. पंप थकला, टाकीत पाणी कमी चढू लागले, पण तळाशी बाहेर जाणारी वाट मात्र पूर्वीइतकीच उघडी राहिली, अशी ती अवस्था होते.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलन्टामिन ही तीन औषधे ती वाट अंशतः बंद करतात. तोडणाऱ्या एन्झाइमला ती अडवतात, त्यामुळे उरलेले रसायन जास्त वेळ टिकते आणि नळाची धार थोडी सुधारते. ती पंप दुरुस्त करत नाहीत आणि पंप खराब होण्याचा वेगही बदलत नाहीत. या गटातले पहिले औषध टॅक्रिन १९९३ साली अमेरिकेत मान्य झाले होते, पण ते यकृताला त्रास देत असल्याने मागे पडले. १९९६ मध्ये डोनेपेझिल आले आणि आजही आपल्याकडच्या केसपेपरवर बहुधा तेच नाव दिसते. गॅलन्टामिन मूळचे एका फुलझाडाच्या कंदातून मिळालेले आहे, हे ‘ॲलोपथी म्हणजे सगळे केमिकल’ असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना सांगायला बरे पडते.

दुसरी गोळी आणि दादर स्टेशन

आजार मध्यम किंवा पुढच्या टप्प्यावर गेला की डॉक्टर बऱ्याचदा मेमॅन्टिन जोडतात. तिची गोष्ट वेगळी आहे. ग्लुटामेट नावाचे दुसरे रसायन पेशींना शिकण्याचे इशारे देते; आजारी मेंदूत ते गरज नसतानाही थोडे थोडे झिरपत राहते. संध्याकाळी सात वाजता दादर स्टेशनवर उभे राहून गाडीची घोषणा ऐकण्याचा प्रयत्न करा. घोषणा झालेली असते, कानावरही पडलेली असते, पण गोंगाटात ‘फलाट क्रमांक’च्या पुढचे काही कळत नाही. मेमॅन्टिन तो पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करते आणि खरी घोषणा ऐकू येईल एवढी जागा ठेवते. साधारणपणे ती दर आठवड्याला वाढवत २० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी ठेवावी लागते. पोटाला ती पहिल्या गोळीपेक्षा सौम्य असली, तरी चक्कर आणि बद्धकोष्ठ होऊ शकतात.

‘पण आम्हाला तर काहीच फरक दिसत नाही’

हा सर्वांत मोठा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. डोनेपेझिलच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब असे सांगतो की ७० गुणांच्या एका स्मरणचाचणीत सुमारे सहा महिन्यांनी औषध घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी २.७ गुणांनी पुढे असतात. ही सरासरी आहे. तिच्यात थोडे लोक स्पष्ट सुधारलेले असतात, बरेच लोक आहेत तिथे काही महिने टिकलेले असतात आणि काहींना काहीच उपयोग झालेला नसतो. आपला माणूस यांपैकी कोणत्या गटात पडेल हे आधी सांगता येत नाही.

खरी अडचण पाहण्याच्या पद्धतीत आहे. क्रोसिन घेतल्यावर ताप उतरतो हे थर्मामीटरवर दिसते, म्हणून आपण औषधाकडून ‘उतरण्याची’ अपेक्षा करायला शिकलो आहोत. इथे यश म्हणजे घसरण्याचे थोडे लांबणे, आणि जे घडले नाही ते डोळ्यांना दिसत नाही. मावशीला नातवाचे नाव पुन्हा आठवेल या आशेवर आम्ही सहा महिने थांबलो होतो. ते आठवले नाही. पण त्या सहा महिन्यांत ती सकाळचा चहा स्वतः करत राहिली, आणि याची नोंद आमच्यापैकी कोणीही घेतली नव्हती.

यावर काकांनी पुढे जो उपाय काढला तो मला डॉक्टरांच्या कोणत्याही फॉर्मपेक्षा उपयोगी वाटतो. किराण्याच्या हिशेबाच्या लांबट वहीत त्यांनी तीन रकाने आखले: चहा, साडी, रात्र. चहा स्वतः केला का, साडी कोणी नेसवावी लागली का, रात्री किती वेळा उठली. रोज एक खूण. तीन महिन्यांनी ओपीडीत ‘फरक आहे का?’ असे विचारल्यावर ‘तसे ठीक आहे’ असे मोघम उत्तर देण्याऐवजी त्यांनी वहीच पुढे केली.

पुढच्या टप्प्यावरच्या रुग्णांना गोळी चालू ठेवण्यात अर्थ आहे का, हे तपासण्यासाठी ब्रिटनमध्ये २९५ रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. डोनेपेझिल चालू ठेवलेल्यांचे स्मरणचाचणीतले गुण, औषध बंद केलेल्यांच्या तुलनेत, वर्षभरात ३० पैकी सरासरी १.९ ने जास्त राहिले. त्याच रुग्णांचा पुढे मागोवा घेतल्यावर असेही दिसले की औषध बंद केलेल्यांना पहिल्या वर्षात शुश्रूषागृहात हलवावे लागण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. त्यानंतरच्या वर्षांत मात्र तो फरक उरला नाही. या गोळीच्या बाजूचा युक्तिवाद एवढाच आहे, याहून मोठा नाही.

सुरू करताना पाहायच्या गोष्टी

डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमपासून रात्री सुरू करतात आणि पोटाने साथ दिली तर चार ते सहा आठवड्यांनी १० पर्यंत नेतात. मळमळ, जुलाब, अन्नावरची वासना जाणे हे त्रास सुरुवातीला होतात आणि पुष्कळदा ओसरतात. कोणाला इतकी भडक स्वप्ने पडतात की ते घाबरून उठतात. तसे झाल्यास डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी देता येते. जास्त काळजी नाडीची असते. हे औषध हृदयाचे ठोके मंदावू शकते आणि रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांची नाडी आधीच मंद असते. एखादी आजी गोळी सुरू झाल्यावर चक्कर येऊन पडली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. आधी नाडी मोजावी. दमा आणि पोटातला अल्सर यांबद्दलही डॉक्टरांना आधीच सांगायला हवे.

‘एखादा दिवस गोळी राहिली तर?’ डोनेपेझिल शरीरातून फार हळू बाहेर पडते, त्याची निम्मी मात्रा जायलाच जवळपास तीन दिवस लागतात. म्हणून राहिलेली गोळी सोडून द्यावी, दुसऱ्या दिवशी दोन देऊ नयेत. रिव्हास्टिग्मिनचे गणित उलटे आहे: तीन दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा सर्वांत कमी मात्रेपासून सुरुवात करावी लागते. हे औषध त्वचेवर चिकटवायच्या पॅचच्या रूपातही मिळते आणि पोटाचा त्रास त्यात कमी होतो. नवा पॅच लावताना जुना काढलाच पाहिजे, कारण अंगावर दोन-तीन पॅच राहून विषबाधा झाल्याच्या आणि मृत्यूच्याही घटना नोंदल्या गेल्या आहेत. मुंबईच्या मे महिन्यात घामाने तो सुटून गाऊनला चिकटतो, हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

एका हाताने देणे, दुसऱ्या हाताने काढून घेणे

या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट नव्या औषधाबद्दल नाही, जुन्या औषधांबद्दल आहे. मावशीला पावसाळ्यात सर्दी झाली. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आम्हीच नेहमीची सर्दीची गोळी आणली आणि दोन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभी राहून, “मला घरी सोडा, आई वाट बघत असेल,” असे म्हणू लागली. काका तिला हॉलमधला लग्नाचा फोटो दाखवून समजावत होते आणि ती त्यांनाच ‘तुम्ही कोण?’ असे विचारत होती. आम्हाला वाटले, आजार एकदम पुढे गेला. डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो नव्या गोळ्यांचा. स्ट्रिपवर क्लोरफेनिरामिन असे नाव होते. ती बंद केल्यावर तीन-चार दिवसांत मावशी पूर्वीच्या जागी आली.

कारण टाकीच्या उदाहरणात शिल्लक आहे. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या अनेक जुन्या गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन, कंपवातातल्या थरथरीवरचे ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीची घाई थांबवणारे ऑक्सिब्युटिनिन ही सगळी ॲसिटिलकोलिनच्या कामात अडथळा आणतात. डोनेपेझिलने जपलेले पाणी नळापर्यंत पोचतच नाही, कारण नळाची चावीच यांनी घट्ट पिळून ठेवलेली असते. यात एक साखळी फार वेळा घडते: डोनेपेझिलमुळे लघवीची घाई होते, ती तक्रार दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते, ते ऑक्सिब्युटिनिन देतात, गोंधळ वाढतो आणि मग डोनेपेझिलची मात्रा वाढवली जाते. कोणाचाच हेतू वाईट नसतो, प्रत्येकाने आपल्यापुढचा केसपेपर तेवढा पाहिलेला असतो. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमे, डोळ्यांचे थेंब आणि आयुर्वेदिक चूर्णेसुद्धा एका पिशवीत घालून वर्षातून एकदा एकाच डॉक्टरांपुढे ओतावीत. पिशवीतून निघालेली एक गोळी कमी करणे हे कधी कधी नव्या प्रिस्क्रिप्शनपेक्षा मोठे काम करते.

संशय, राग आणि रात्रीचे जागरण

विसरणे घरचे सोसतात. ‘माझ्या बांगड्या सुनेने चोरल्या’ हा आरोप आणि रात्री दोन वाजता दाराची कडी काढण्याची धडपड त्यांना थकवते, आणि गोळीची मागणी खरी तेव्हा येते. अशा वेळी दिली जाणारी क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही औषधे मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांची आहेत. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत साधारण दहा आठवड्यांत मृत्यूचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत सुमारे ४.५ टक्के आणि न घेणाऱ्यांत सुमारे २.६ टक्के आढळले. लुई बॉडीच्या रुग्णांना तर यांतल्या काही औषधांनी अंग लाकडासारखे ताठरते.

‘मग आम्ही मार खात बसायचे का?’ नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील इतका प्रक्षुब्ध असेल, तर ही औषधे कमीत कमी मात्रेत, मुदत ठरवून द्यावी लागतात, आणि त्या घराने अपराधी वाटून घेऊ नये. मात्र त्याआधी अचानक वाढलेल्या गोंधळामागे लघवीचा जंतुसंसर्ग, चार दिवसांचा बद्धकोष्ठ, सांगता न येणारी दाढदुखी, उन्हाळ्यातले कमी पाणी किंवा बॅटरी संपलेले कानाचे यंत्र आहे का, हे पाहायला हवे. गणपतीच्या दहा दिवसांत खिडकीखाली स्पीकर लागलेला असताना मावशी रोज संध्याकाळी बिथरत असे. तिला माहीमच्या नणंदेकडे नेल्यावर ती शांत झोपली.

बातमीतले औषध

आता त्या व्हॉट्सॲपच्या बातमीकडे येऊ. अल्झायमर्सच्या मेंदूत ॲमिलॉइड नावाचे प्रथिन गाळासारखे साचते आणि लेकॅनेमॅब, डोनानेमॅब ही नवी औषधे शिरेतून सलाइनसारखी देऊन तो गाळ उपसतात. लक्षणे सावरणे हा त्यांचा हेतू नसून आजाराचा वेग कमी करणे हा आहे, म्हणून ती वरच्या गोळ्यांपेक्षा वेगळ्या जातीची आहेत. लेकॅनेमॅबच्या १,७९५ जणांवरच्या दीड वर्षाच्या चाचणीत दोन्ही गट खालावलेच. औषध घेणारे १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ ने कमी खालावले. ‘आजार २७ टक्क्यांनी मंदावला’ असे जे छापून येते ते याच फरकाचे दुसरे रूप आहे. २०२३ मध्ये लेकॅनेमॅबला आणि २०२४ मध्ये डोनानेमॅबला अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली.

पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई वेळेवर झाली तर पाणी कमी तुंबते, पण गेल्या वर्षीच्या पुरात भिजून गेलेले घरातले सामान त्याने परत येत नाही. म्हणून ही औषधे फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर आणि मेंदूत ॲमिलॉइड असल्याचे विशेष तपासणीने सिद्ध झाल्यावरच देतात. उपसताना मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो. लेकॅनेमॅबच्या चाचणीत सुमारे १२.६ टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये अशी सूज दिसली. बहुतेकांना ती जाणवली नाही, पण ती गंभीरही ठरू शकते, म्हणून एमआरआय पुन्हा पुन्हा करावे लागतात. मावशीसारख्या पाच वर्षे पुढे गेलेल्या रुग्णासाठी ही बातमी नाही, हे काका आता एका वाक्यात सांगतात आणि विषय बदलतात.

‘मेंदूचे टॉनिक’ म्हणून खपणाऱ्या गोळ्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काची पंच्याहत्तरीच्या पुढच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. २००८ मध्ये तिचा निकाल आला की त्याने स्मृतिभ्रंश टळत नाही. पिरासिटॅमचा पुरावाही तोकडा आहे. महिन्याचा औषधाचा खर्च आटोक्यात आणायचा असेल तर कात्री आधी इथे लावावी.

थांबवायची कधी?

गोळी जन्मभर घ्यायची असते असा समज आहे, पण तसा नियम नाही. त्रास फायद्यापेक्षा जास्त झाला किंवा माणूस इतका पुढे गेला की जपण्यासारखे काम उरले नाही, तर डॉक्टर मात्रा हळूहळू, काही आठवड्यांत कमी करून पाहतात. एकदम बंद करू नये. कमी केल्यावर काही आठवड्यांत माणूस स्पष्ट ढासळला, तर त्याचा अर्थ गोळी काम करत होती असा होतो, आणि ती लवकर परत सुरू करता येते.

गेल्या हिवाळ्यात मावशीचे वजन चार किलो उतरले. वरणभाताचे ताट ती दोन घासांनंतर बाजूला सारायची. डॉक्टरांनी डोनेपेझिल १० वरून ५ वर आणले आणि सहा आठवड्यांनी वही घेऊन या म्हणाले. काकांनी चौथा रकाना आखला, वजनाचा. सहा आठवड्यांत वजन दीड किलो वाढले, रात्रीच्या रकान्यातल्या खुणा कमी झाल्या आणि चहाचा रकाना होता तसाच राहिला: आठवड्यातून चार दिवस, साखर कधी दोनदा पडलेली. डॉक्टरांनी वही उलटसुलट पाहिली आणि केसपेपरवर लिहिले, पाचच चालू ठेवा.